मोटारीनं पाणी सोडलं

मोटारीनं पाणी सोडलं तेव्हा धाकटी रोपांच्या जाळीत वाकलेली होती. तिला कुणी सांगावं लागलं नाही. हौदात पडणारी धार आधी खोकली, मग दोनदा थुंकली, आणि मोटारीचा भरदार आवाज पातळ होऊन ती नुसतीच गरगरायला लागली. धाकटीनं हातातला ट्रे होता तिथंच टेकवला आणि चिखलाच्या पायांनी पळत जाऊन बटण दाबलं. पाण्यावाचून मोटार फिरत राहिली की आतून जळते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

नऊ वाजायला आले होते. आठला वीज आली, साडेआठपर्यंत धार मनगटाएवढी होती, आणि आता हे. गेले तीन आठवडे असंच चाललं होतं.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली, कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी धाकटी सून ती धाकटीच. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरामागच्या विहिरीवर तिनं पाच वर्षांपूर्वी हिरव्या जाळीखाली मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करायला घेतली, आणि आता आसपासच्या चार गावांतली माणसं पेरणीच्या भानगडीत न पडता थेट तिच्याकडून रोपं न्यायची. "धाकटीचं रोप मरत नाही," असं लोक म्हणायचे. ते ऐकलं की ती मान खाली घालायची, पण हसू लपायचं नाही.

तिनं मोटारीच्या डोक्यावरचं झाकण उघडलं, बादलीनं पाणी ओतलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थांबली आणि पुन्हा बटण दाबलं. धार आली. पाच मिनिटं टिकली. पुन्हा खोकली.

"सोडलं ना?" मागून आवाज आला. थोरले दीर चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे होते. कचेरीतली नोकरी संपून त्यांना सहा महिने झाले होते. घरात बसून त्यांना आता घरातलं सगळंच मोडकं दिसायला लागलं होतं. "मी काय म्हणतो धाकटे, विहीरच आटली. मोटारीला शिव्या देऊन काय उपयोग?"

"मी शिवी दिली नाही, भाऊजी."

"मनात दिलीस."

"मनातलं मोजायचं असेल तर तुमचंही मोजू या."

दीर हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना त्या जागेवर एक पक्की खोली हवी होती, गाडी ठेवायला आणि वर बसायला. विहीर बरोब्बर मध्ये येत होती. पलीकडच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं, तिथला दगडमातीचा राडारोडा फुकट मिळत होता. "शुक्रवारी सकाळी डंपर येतोय," ते म्हणाले. "मी बोलून ठेवलंय. तीन खेपांत विहीर बुजते. नंतर राडारोडा मिळणार नाही."

"आणि माझी रोपं?"

"नळाला येतं की दिवसाआड."

"रोपं दिवसाआड जगत नाहीत. दिवसाआड तुम्ही जेवून बघा."

सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. पंचाहत्तरीच्या, काडीसारख्या वाळलेल्या, पण घरातले कपडे अजून त्यांच्याच हातचे. सूर्य उगवायच्या आत दगडावर बसायच्या. त्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मागच्या महिन्यात वादळात अंगणातला लाकडी खांब आडवा झाला, तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता दोरी काढून नवीन जागी बांधली: एक टोक भिंतीच्या कडीला, दुसरं विहिरीच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी कपडे वेळेवर वाळले होते.

आताही चादर झटकता झटकता त्यांनी निवाडा केला. विहीर त्यांच्या नावावर होती, तेव्हा निवाडाही त्यांचाच.

"पाणी असेल तर विहीर. नसेल तर तो नुसता खड्डा. खड्डा बुजवायला माझी ना नाही. शुक्रवारपर्यंत ठरवा दोघं."

"आई, आणि तू ते धुणं सोड आता," दीर म्हणाले. "मी मशीन आणतो. लोक मला बोलतात, आईला राबवतो म्हणून."

सासूबाईंनी चादरीचं टोक इतक्या जोरात पिळलं की थेंब दिरांच्या चहात पडले. "लोकांना सांग, तिला मरेपर्यंत घाण दिसते म्हणावं."

*

सोमवारी संध्याकाळी मोटारवाला आला. तो नेहमी संध्याकाळीच यायचा. सकाळ त्याची शेतातल्या मोटारींवर जायची. बोटांच्या कातडीत वंगण इतकं मुरलेलं की हात धुतले तरी नखं काळीच. त्यानं पाना काढला नाही, आधी कान लावला.

"चालू करा, वहिनी."

संध्याकाळची तासाभराची वीज आलेली. धाकटीनं बटण दाबलं. धार आली, मनगटाएवढी, एकसंध. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोटारवाल्यानं बिडी पेटवली, ओढून संपवली. धार तशीच. हौद अर्ध्यावर आला.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हिला काही झालेलं नाही. तुम्हालाच मला बघावंसं वाटलं असेल."

"तुझं तोंड बघायला मी बोलावत नाही. सकाळी नऊला ये, मग बघ."

"सकाळी मी नसतो. बरं, फुटबॉल बघू." फूटव्हॉल्व्ह म्हणजे नळाच्या पाण्यातल्या टोकाला असलेली झडप, ती पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. पण तो शब्द गावात कुणाच्या जिभेवर टिकला नव्हता. सगळे फुटबॉलच म्हणत.

सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "विहिरीत चेंडू कुणी टाकला गं?"

"चेंडू नाही हो आई, झडप."

"मग झडप म्हणा. म्हाताऱ्या माणसाला उगीच खेळायला लावता."

मोटारवाल्यानं मोटार बंद केली, झाकण उघडलं, आत काठोकाठ पाणी होतं. तो पाव तास बसला. पाणी तसूभर खाली गेलं नाही. "फुटबॉल शाबूत. झडप गळत असती तर पाणी परत विहिरीत गेलं असतं." त्यानं झाकण घट्ट केलं, हात पँटला पुसले. "वहिनी, खरं सांगू? संध्याकाळी चालते, सकाळी सोडते. म्हणजे सकाळी तुम्ही उपसता आणि विहीर दमते. दिवसभर पाझरून पुन्हा भरते. मोटारीचा दोष नाही, विहिरीचा आहे."

मागच्या दारात दीर उभे होते.  त्यांनी मोटारवाल्याला चहा पाजला, तोही दोनदा.

*

मंगळवारी धाकटीनं विहिरीला माप लावलं. दोरीच्या टोकाला दगड बांधला, हाताहातावर गाठी मारल्या, आणि वीज यायच्या आत दगड तळाला टेकवून वर ओढला. ओली दोरी मोजली. सात हात पाणी. आठला मोटार लावली. नऊ वाजायच्या आत मोटारीनं पाणी सोडलं. धाकटीनं पुन्हा दगड सोडला. ओली दोरी मोजली: सात हाताला चार बोटं कमी.

ती दोरी तशीच टपकत दिरांपुढे घेऊन गेली. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"बघा. विहीर दमली म्हणता ना? चार बोटांत दमली?"

दिरांनी चष्म्याच्या वरून दोरीकडे पाहिलं. "दगड कपारीत अडकला असेल."

"दोन्ही वेळा त्याच कपारीत?"

"धाकटे, हे असं बायकांच्या दोरीनं पाणी मोजत नाहीत. मोटारवाला शिकलेला माणूस आहे."

"मोटारवाला फुटबॉल म्हणतो, भाऊजी."

पण बोलून रोपं भिजत नाहीत. अकराला वीज गेली आणि तिनं रहाटाला बादली लावली. साठ बादल्या. पाण्याचा भार खांद्याच्या सांध्यात उतरायचा, तिथून कंबरेत. वारा असा कोरडा की बादली जाळीपर्यंत नेईस्तोवर ओले हात वाळून पांढरे पडायचे. चाळिसाव्या बादलीला उजव्या तळव्याची कातडी सुटली. तिनं पदराचं टोक गुंडाळलं आणि डाव्या हातानं ओढायला घेतलं.

संध्याकाळी तिनं मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. सोमवार सकाळ, फुली. सोमवार संध्याकाळ, उभी रेघ. मंगळवार सकाळ, फुली. मंगळवार संध्याकाळ, रेघ. हिशेब साधा होता, पण उत्तर येत नव्हतं. एक मात्र ती मनाशी धरून होती: पाणी आहे. सात हात आहे. स्वतःच्या हातांनी मोजलंय.

नवऱ्याचा फोन आला. तो कुठल्याशा घाटात गाडी उभी करून जेवत होता. तिनं सगळं सांगितलं.

"दादा ऐकत नाही?"

"दादांचं राहू द्या. मोटार ऐकत नाही."

"मोटार तुझं ऐकेल," तो म्हणाला. "मी ऐकतोच की."

*

बुधवारी सासूबाईंचा गुडघा धरला. उठल्या, देवापुढे उदबत्ती लावली, आणि परत अंथरुणावर बसल्या. "आजचं धुणं उद्या," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांचं खरंच दुखत होतं.

"मी धुते, आई."

"तू रोपं बघ. कपडे कुठं पळून जात नाहीत."

आठला धाकटीनं मोटार लावली आणि शेजारी पालथ्या बादलीवर बसून राहिली. साडेआठ झाले. नऊ झाले. धार तशीच. तिचे कान खोकल्याची वाट बघत होते, पण खोकला येईना. दहा वाजता हौद भरून वाहायला लागला. तिनं नळी जाळीत सोडली. रोपांचे ट्रे एकेक करून काळेभोर भिजले. ओल्या मातीचा वास सुटला. अकराला वीज गेली तेव्हाच मोटार थांबली.

धाकटीला वाटलं, आता गावभर सांगत सुटावं. तिनं फक्त दिरांना सांगितलं. पण सांगताना आवाज जरा चढलाच.

"तीन तास चालली, भाऊजी! एकदाही खोकली नाही. डंपरवाल्याला फोन करा, येऊ नको म्हणावं."

"उद्या बघू," दीर म्हणाले.

"उद्या काय बघायचंय? चालली ना?"

"उद्या बघू म्हटलं ना."

कोळशाची उभी रेघ तिनं त्या दिवशी जरा लांबच ओढली.

*

गुरुवारी सासूबाई दोन दिवसांचं धुणं घेऊन बसल्या. आठ वाजेपर्यंत दोरीवर इंच रिकामा नव्हता: चादरी, टॉवेल, दिरांचे सदरे, आणि मधोमध एक जाड रजई, जिला पिळायला धाकटीला हात लावावा लागला. सासूबाईंनी एवढ्यापुरताच हात लावू दिला.

मोटार लावली. धार आली. दीर मुद्दाम खुर्ची टाकून बसले होते. धाकटी मान ताठ ठेवून उभी होती.

तीन मिनिटांत मोटारीनं पाणी सोडलं.

तिनं पाणी ओतलं, पुन्हा लावली. दोन मिनिटं. पुन्हा ओतलं. धार आली न आली तोच खोकली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर कधी इतक्या लवकर सोडलं नव्हतं.

"काल देव प्रसन्न होता वाटतं," दीर म्हणाले. खुर्ची उचलताना त्यांनी आवाज खाली आणला. "धाकटे, हट्ट करू नकोस. पाणी सोड आता त्या विहिरीवर. मोटारवाल्याला मी उद्या मुद्दाम सकाळी बोलावलंय, शेतातलं काम सोडून, मोटार उतरवून ठेवायला. ती तरी वाचेल."

  जाळीत जाऊन ती रिकाम्या ट्रेवर ट्रे रचत बसली. दुपारी पुन्हा रहाट. आज सत्तर बादल्या. तळव्याला चिंधी बांधलेली होती, ती आधी ओली झाली, मग लाल झाली.

संध्याकाळी तिनं मोटारवाल्याला फोन लावला. "उद्या मोटार उतरवशील. त्याआधी एवढं सांग, पाणी आहे, झडप शाबूत आहे, तरी मोटार पाणी सोडते. कशानं?"

पलीकडे कुठंतरी इंजिन धडधडत होतं. "मग एकच राहिलं, वहिनी. मोटार हवा ओढतेय. विहिरीतून वर येणाऱ्या नळाला कुठं केसाएवढी फट असली तरी पुरते. पाण्याऐवजी हवा येते."

"फट दिसायची कशी?"

"दिसत नाही. पाणी गळत नाही, उलटी हवा आत जाते. उदबत्ती पेटवा. मोटार चालू असताना प्रत्येक सांध्याजवळ धरा. जिथं धूर आत ओढला जाईल, तिथं फट."

तिनं देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली. सासूबाईंनी "कशाला?" विचारलं नाही. देवाचं म्हणून मागितलेलं त्या कधी अडवत नसत. मोटार लावून धाकटीनं एकेक सांधा बघितला. नळ जमिनीजवळ मोटारीतून निघून विहिरीच्या कठड्यावर चढत होता आणि तिथल्या लोखंडी वाकणातून खाली पाण्यात उतरत होता. मोटारीशी, मध्यावर, वाकणाशी, सगळीकडे धूर सरळ वर गेला. कुठंच वाकला नाही. धारही मजेत पडत होती.

ती कोळशाच्या रेघांपुढे उभी राहिली. संध्याकाळी मोटार सोडतच नाही, मग संध्याकाळी फट सापडणार कशी? चोर घरात नसताना झडती घेतल्यासारखं झालं. उद्या सकाळी घ्यायची झडती. सोडायच्या वेळेलाच.

आणि मग तिनं बुधवारच्या लांब रेघेवर बोट ठेवलं. बुधवारची सकाळ इतर सकाळींसारखीच होती. वीज तीच, ऊन तेच, पाणी तेवढंच. वेगळं काय होतं? तिनं बराच वेळ आठवलं, पण आठवलं नाही.

*

शुक्रवारी साडेआठला धाकटी उदबत्ती घेऊन कठड्याशी गेली. मोटार चालू होती. मोटारवाला अजून आलेला नव्हता, डंपरही नाही. सासूबाईंनी दोरी नुकतीच भरली होती, आणि शेवटची ओली चादर कठड्यापर्यंत आलेली. धाकटी वाकली तसं चादरीचं गार टोक गालाला चिकटलं. तिनं ते बाजूला सारलं नाही. हात हलवायचा नव्हता.

मोटारीशी धूर सरळ. मध्यावर सरळ.

वाकणाच्या सांध्याशी उदबत्ती धरली, आणि धुराची रेघ वाकली. बारीक दोऱ्यासारखी आडवी झाली आणि सांध्यात शिरून नाहीशी झाली. सुईत दोरा ओवावा तशी.

धार खोकली.

 काल इथं काहीच नव्हतं! सांध्याखालच्या दगडावर ओला ओघळ होता. तो तिनं रोज बघितला होता आणि कपड्यांचं पाणी टपकतंय म्हणून सोडून दिला होता. आज कुठून टपकतंय ते बघायला तिनं मान वर वळवली. गालावरची चादर, चादरीवरची दोरी, दोरीचं टोक. टोक नळाच्या वाकणाला बांधलेलं होतं. ओल्या कपड्यांनी दोरी धनुष्यासारखी खाली ओढली होती आणि वाकण तिच्या मागोमाग तिरपं झालं होतं, नजरेला जाणवणार नाही एवढं.

तिनं खांदा चादरीखाली घातला आणि भार उचलून धरला. धुराची रेघ सरळ उभी राहिली. खांदा काढला. रेघ आत.

बुधवारी धुणं नव्हतं. गुरुवारी दोन दिवसांचं होतं, वर रजई. संध्याकाळी कपडे काढलेले असतात. मोटारवाला नेहमी संध्याकाळीच येतो.

तिला हसू आलं, आणि हसता हसताच नजर वळली. पायरीवर सासूबाई गुडघा चोळत बसल्या होत्या. दिरांना हे कळलं की काय होणार, हे तिला ऐकू यायला लागलं. "बघ आई, म्हणून म्हणतो, धुणं सोड." चारचौघांत. आणि तेव्हा सासूबाईंना उलटून बोलायलाही काही उरणार नाही.

रस्त्यावर डंपरचा भोंगा वाजला. मागोमाग मोटारवाला पान्यांची पिशवी घेऊन आत आला, त्याच्यामागे दीर. डंपरवाला दारातूनच ओरडला, "कुठं टाकू?"

"दोन मिनिटं थांबा," धाकटी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. तिनं मोटार बंद केली आणि भराभर चादरी काढून हातावर टाकायला लागली.

"कपडे राहू दे आता," दीर म्हणाले. "धूळ उडेल तर उडेल."

तिनं दोरी पूर्ण रिकामी केली आणि कपड्यांचा ढीग पायरीवर ठेवला. झाकण उघडून पाणी ओतलं, बुडबुडे संपेपर्यंत थांबली, बटण दाबलं. धार आली, मनगटाएवढी.

"भाऊजी, इकडं या. ही दोरी धरा."

"मी?"

"विहीर तुम्हाला बुजवायचीय ना? मग तुम्हीच धरा. आता खाली ओढा. रजई असल्यासारखी."

दिरांनी मोटारवाल्याकडे बघितलं, मोटारवाल्यानं डंपरवाल्याकडे. मग दिरांनी दोरी धरली आणि ओढली. धार खोकली. दोनदा थुंकली. मोटारीचा आवाज पातळ झाला.

"सोडा!" धाकटी ओरडली. मोटार बंद करून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मोटारीनं पाणी सोडलं नाही, भाऊजी. आत्ता तुम्ही सोडलंत."

मोटारवाला तोवर गुडघ्यांवर बसून वाकण हलवून बघत होता. "आयला! सांध्यातलं रबर वाळलंय. ओढलं की फट पडते, सोडलं की मिटते." त्यानं कपाळाला वंगणाचा हात लावला. "म्हणून मी आलो की चालते. वहिनी, मला एकदा तरी सकाळी बोलवायचं होतंत."

"बोलावलं होतं. तू सकाळी नसतोस."

"पण दोरी इथं बांधली कुणी?" दीर म्हणाले. सरळ प्रश्न होता, पण त्यांची मान पायरीकडे वळायला लागली होती.

"मी," धाकटी पटकन म्हणाली. "खांब पडला त्या दिवशी. घाईत बांधली. माझंच चुकलं."

 विहिरीत कुठंतरी एक खडा सुटून डुबकन पडला.

सासूबाई पायरीवरून उठल्या. भिंतीला हात लावत, गुडघा जपत कठड्यापर्यंत आल्या आणि दोरीच्या गाठीवर बोट ठेवलं. दुहेरी पीळ, आत वळवलेलं टोक, भार पडेल तसा घट्ट होणारा फास.

"ही गाठ तुला येते?" त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटीनं तळव्यावरची चिंधी घट्ट केली.

"माझ्या बापानं उधळ्या बैलासाठी शिकवली होती मला. या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. माझ्या गाठीवर आपलं नाव घालतेस?" मग त्या थोरल्याकडे वळल्या. "मी बांधली. तीन आठवडे विहीर मी बंद पाडली. आता बोल काय बोलायचं ते. मशीनचं बोलणार असशील तर आधी सांगते, दोरी चुकली, धुणं नाही चुकलं."

 सहा महिन्यांत पहिल्यांदाच दिरांना मोडकं काय आणि शाबूत काय ते चटकन सांगता येईना.

"बाई, कुठं टाकू?" डंपरवाला पुन्हा ओरडला. त्याला पुढची खेप होती.

"चार पाट्या इथं टाक," सासूबाईंनी अंगणाच्या कडेला बोट दाखवलं, जिथं जुना खांब होता. "खांब पुन्हा उभा करायचाय, बुडाशी दगड लागतील. बाकीचं घेऊन जा. आमच्याकडे खड्डा नाही."

मोटारवाल्यानं पिशवीतून रबराची चकती काढली, सांधा सोडवला, चकती बदलून पुन्हा आवळला. धाकटीनं पाना धरला. चिंधी बांधलेल्या हातानं तिला जोर येईना, तेव्हा शेवटचा पीळ तिनं दोन्ही हातांनी दिला. दिरांनी न सांगता कुदळ घेतली आणि खांबाचा जुना खड्डा मोकळा करायला लागले. कचेरीतला हात, चार घावांत धाप लागली. घामानं सदरा पाठीला चिकटला. तो उद्याच्या धुण्यात जाणार होता.

दगड ठोकून खांब उभा राहिला. सासूबाईंनी वाकणाची गाठ स्वतः सोडली, दोरी खांबाला बांधली, आणि सगळ्यांदेखत लोंबकळून बघितली. खांब हलला नाही. मग पायरीवरच्या ढिगातल्या चादरी एकेक करून पुन्हा दोरीवर गेल्या, रजईची जागा मोकळी ठेवून.

धाकटीनं बटण दाबलं. सगळे धारेकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दोरी ओल्या कपड्यांनी खाली आलेली, आणि धार मनगटाएवढी, एकसंध. खोकला नाही. तिनं उदबत्तीचा उरलेला तुकडा वाकणाशी नेला. धूर सरळ वर गेला.

दीर कुदळीवर रेलून उभे होते. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "त्या जागेवर आता मी पाणी सोडायचं."

"सोड की," सासूबाई म्हणाल्या. "आधी रोपांवर सोड. ती तिकडे नळी पडलीय."

दिरांनी कुदळ भिंतीला टेकवली. पायातल्या चपला काढल्या, नळी उचलली आणि वाकून जाळीत शिरले.

"भाऊजी, मिरचीला हळू हं," धाकटी मागून म्हणाली. "धार थेट मारू नका."